तालमीतला मुलगा

प्रिय ताई,

ज्याला बोलता येत नाही, त्याची माफी कशी मागायची? गेले अकरा दिवस मी हा एकच प्रश्न घेऊन बसले आहे आणि मला त्याचं उत्तर येत नाही. मोठ्या माणसाचं आपल्या हातून वाईट झालं तर त्याच्या दारात जाऊन उभं राहता येतं. तो ओरडेल, दार लावून घेईल, नाहीतर ‘जाऊ दे आता’ म्हणेल. पण पाच वर्षांच्या मुलाचं वाईट केलं, आणि ते झालं आहे हे त्याला कळलेलंही नाही, तर कोणापुढे उभं राहायचं? तू म्हणशील, झालं बारकीचं व्याख्यान सुरू. म्हणशील तर म्हण. फोनवर तू मला दर दोन वाक्यांनी तोडतेस, कागदावर तरी तुला तोडता येणार नाही.

घरी तसं सगळं ठीक आहे. आईचा गुडघा सकाळी कुरकुरतो, दुपारपर्यंत गप्प होतो. बाबा अजून कारखान्यातून येताना माझ्यासाठी कोरे कागद आणतात, एका बाजूने छापलेले, ‘तुला लिहायला लागतात ना’ म्हणून. हे पत्रही त्यातल्याच कागदांवर लिहिते आहे; मागे खोक्यांची मापं छापलेली आहेत, त्याकडे लक्ष देऊ नकोस. परवा बाबांनी पुन्हा पदवीच्या दिवसाचा विषय काढला. कॉलेजच्या फाटकावरच्या शिपायाचा गणवेश बघून त्यांना तेच प्राचार्य वाटले आणि त्यांनी दोन्ही हातांनी त्यांचा हात धरून ‘साहेब, पोरीला घडवलंत’ म्हटलं, तो शिपाई बिचारा रडवेला झाला होता. आपण किती हसलो होतो. तू मात्र हसता हसता मधेच थांबली होतीस. तुझ्या मनात काय आलं ते मी तेव्हा विचारलं नाही. दहावीचं दप्तर तू ज्या वर्षी कपाटावर टाकलंस आणि बालवाडीत मदतनीस म्हणून रुजू झालीस, त्याच वर्षी मला नवं दप्तर आलं होतं, हे मला माहीत आहे. आपल्या घरात हे कोणी बोलत नाही, पण मला माहीत आहे.

माझं काम नेमकं काय, ते तू सगळ्यांना ‘ती मुलांना शांत करते’ एवढ्यात सांगतेस. तेही खोटं नाही. मी मुलांच्या घरी जाते, जमिनीवर बसते. ज्या मुलाला पाणी हवं हे सांगता येत नाही, ते मूल हात चावतं, डोकं आपटतं. त्याला मागायला शिकवायचं, बोटाने, चित्राने, जमलं तर शब्दाने. आणि प्रत्येक वेळी तक्त्यात तीन रकाने भरायचे: आधी काय घडलं, मग त्याने काय केलं, मग आपण काय केलं. आमच्या केंद्रातल्या मॅडम ते तक्ते बघून पुढे काय करायचं ते ठरवतात. त्या स्वतः मुलापाशी रोज नसतात. त्यांचे डोळे म्हणजे आम्ही. म्हणून तिथे एक आकडाही मनाचा टाकायचा नाही. रुजू होताना आम्ही एका कागदावर सही करतो, की त्या घरात जे पाहू, ऐकू, ते त्या उंबऱ्याच्या बाहेर नेणार नाही. मॅडम तेव्हा म्हणाल्या होत्या, “नाव नाही घेतलं म्हणजे गुप्तता राखली, असं समजू नका.” मी ते वाक्य वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या. रेघ मारली की ते आपल्याला आलं, असं मला लहानपणापासून वाटतं.

आता तुझ्या-माझ्या रविवारांबद्दल. माझी प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आली होती आणि मला सरावाला मूल हवं होतं. बरोबरच्या मुली बाहुली घेऊन सराव करायच्या, मी तुला घेतलं. भाचे खेळायला गेले की दुपारी तू चटईवर मांडी घालून बसायचीस आणि म्हणायचीस, “बोला डॉक्टरीणबाई, आज किती चावू?” पहिल्या रविवारी तू तोंडात अंगठा घालून भोकाड पसरलंस. आठवतं? मला हसू आवरेना. पण त्या हसण्यावर परीक्षा पास होणार नव्हती. मी म्हटलं, असं नाही गं ताई, खरी मुलं अशी नसतात. मग कशी असतात, दाखव, असं तू म्हणालीस. तिथे मी एखादं मूल मनाने रचायला हवं होतं. थोडं याचं, थोडं त्याचं घेऊन, जगात कुठेच नसलेलं. आम्हाला तसंच शिकवलं होतं. पण मला घाई होती, आणि माझ्याकडे एक खरं मूल तयार होतं.

तर मी तुला तो दिला. नाव नाही सांगितलं, घर नाही सांगितलं, आडनाव विचारलंस तेव्हा मोठ्या तोऱ्यात ‘ते सांगता येत नाही’ म्हणाले. बाकी सगळं दिलं. नाकातून निघणारा तो सूर, हळूहळू वर चढणारा. चपला भिंतीला टेकवून टाचेला टाच लावून मांडणं. बेल वाजली की डावं मनगट तोंडात. आणि घरच्या बाळाला तो एकदा चावला होता, तेही सांगितलं, कारण धाकट्या भावंडाला चावायला धावलेल्या मुलाला कसं सोडवायचं हा परीक्षेतला एक प्रश्न असतो. तुझ्यासारखी नक्कल कोणाला साधते गं? तिसऱ्या रविवारी तू तो सूर असा लावलास की आई हातातलं ताट ठेवून धावत बाहेर आली आणि ‘काय झालं हिला’ म्हणून तुझा खांदा धरून उभी राहिली. तेव्हा मला अभिमान वाटला. मी तुला शिकवलं आणि तू शिकलीस, आपल्या घरात पहिल्यांदा उलटं झालं, याचा अभिमान. परीक्षेत मला पैकीच्या पैकी मिळाले. आईने शेजारच्या काकूंना मुद्दाम हाक मारून सांगितलं.

पुढचं लिहायची मी परवानगी घेतली आहे. कोणाची, ते शेवटी सांगते. जेवढ्याला परवानगी आहे तेवढंच लिहीन.

गेल्या आठवड्याच्या आधीच्या सोमवारी मी त्या घरी गेले तर दार त्याच्या आईने उघडलं. एरवी मावशी उघडतात, कामाच्या मावशी. सहा वर्षं आहेत त्या घरात, म्हणजे त्याच्याही आधीपासून. त्याला भरवायच्या त्याच. मी विचारायच्या आधीच त्याची आई बोलायला लागली. बालवाडीने प्रवेश नाकारला होता. “नुसतं नाही म्हणाले असते तर मी ऐकून घेतलं असतं हो. पण त्या बाई म्हणतात, घरच्या बाळाला चावतो ना हा, मग आमच्या बाकीच्या मुलांचं काय? मी फॉर्मवर कुठे लिहिलं होतं ते? कोणी सांगितलं विचारलं, तर म्हणे तुमच्या घरातूनच कळलंय.” मग तिने माझ्यासमोर हात धरला आणि बोटं मोजली. ही गोष्ट कोणाकोणाला माहीत होती? मी, हे, मावशी, तुम्ही. माझ्या बोटापाशी ती थांबली. म्हणाली, “तुमचा प्रश्नच नाही. तुम्ही सही केली आहे.” आणि तिने ते बोट मिटून टाकलं. मग स्वतःचं मिटलं, नवऱ्याचं मिटलं. एक उरलं.

मावशींना तिने आदल्याच दिवशी कामावरून काढलं होतं. त्या फार भांडल्या नाहीत म्हणे. “मी कशाला सांगू बाई, माझाच आहे ना तो,” एवढंच म्हणाल्या. जाताना दोरीवरचे त्याचे कपडे काढले, घड्या घालून कपाटात ठेवले आणि गेल्या. हे सांगताना त्याच्या आईला वाटत होतं की मावशींचा तो कांगावा होता. मीही मान हलवली. खरं सांगते ताई, तेव्हा मलाही माहीत नव्हतं. मीसुद्धा मनात म्हटलं, मावशी अशा असतील असं वाटलं नव्हतं.

बुधवारी तुझा फोन आला. “अगं बारके, तुझं पोर आलं होतं की गं आमच्याकडे!” तू इतकी खुशीत होतीस की मला मधे बोलायला जागाच नव्हती. आदल्या गुरुवारी प्रवेशासाठी मुलं बघायचा दिवस होता, एक बाई मुलाला घेऊन आत आल्या, आणि तो नाकातून सूर लावत आला. “मी म्हटलं, अरेच्चा, ही तर मीच!” त्याच्या आईने कुठे अर्ज केला आहे हे मला माहीत नव्हतं, आणि तुला त्याचं नाव माहीत नव्हतं. नावाची गरजच पडली नाही. तू त्याला कधी पाहिलं नव्हतंस, पण तू तीन रविवार तो झाली होतीस. तू त्याच्याबरोबर चपला भिंतीला लावल्यास. शिपायाचा हात बेलवर जाणार तेवढ्यात धावत जाऊन “थांब रे बाबा, दोन मिनिटं” म्हणून त्याचा हात धरलास. तो वीस मिनिटं शांत बसला. तुमच्या मोठ्या बाई चकित झाल्या, तुला हे कसं जमलं विचारू लागल्या. आणि तू त्याची बाजू घेतलीस. गुणी पोर आहे बाई, फक्त बेल जपायची, चपला मांडू द्यायच्या. बाळाला चावला होता एकदा, पण ते मागचं झालं, आता शहाणा झालाय. हे सगळं तुला कसं माहीत, असं त्यांनी विचारल्यावर माझं नाव येऊ नये म्हणून तू म्हणालीस, त्यांच्या घरातूनच कळलं. “तुला मधे आणलं नाही हो मी,” तू फोनवर म्हणालीस, “एवढी काय तुझी ताई अडाणी नाही. घेतीलच बघ त्याला.”

ताई, तू सांगितलेल्या दहा गोष्टींतली एकच तुमच्या मोठ्या बाईंच्या लक्षात राहिली. तीच धरून त्यांनी नकार दिला. आणि ‘घरातूनच’ या तुझ्या एका शब्दावर मावशी गेल्या. तो शब्द तू मला वाचवायला वापरलास. मी फोनवर काय म्हटलं, आठवतं का तुला? मी म्हटलं, “हो का? छान.” आणि आई बोलावते आहे असं सांगून फोन ठेवला. आई बोलावत नव्हती.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते थोडक्यात सांगते. त्याचं कसं चाललं आहे ते मात्र सांगणार नाही. तू विचारशील, कारण तुझा जीव गुंतला आहे त्याच्यात, पण मी सांगणार नाही. माझ्याबद्दल सांगते. मी रोज त्या घरी गेले, रोज तक्ता भरला. ‘आधी काय घडलं’ या रकान्यात ‘मावशी गेल्या’ असं लिहायचं हे मला माहीत होतं आणि मी ‘कारण कळलं नाही’ असं लिहीत राहिले. एकदा नाही, पानभर. मॅडमनी पानं बघून विचारलं, “घरात काही बदल झालाय का?” मी नाही म्हणाले. माझ्या त्या ‘नाही’वर विश्वास ठेवून त्यांनी त्याचा कार्यक्रम बदलला आणि तो बदललेला कार्यक्रम मी माझ्या हाताने त्याच्यावर राबवला. कॉलेजमध्ये मी निबंध लिहायचे, की शिकलेल्या माणसाने दुबळ्याचा आवाज व्हावं. त्याला आवाज नव्हता आणि मी त्याच्या वतीने रोज खोटं लिहीत होते, सुवाच्य अक्षरात.

परवा शुक्रवारी मावशी भेटल्या. त्या गल्लीच्या तोंडाशी औषधांचं दुकान आहे, तिथे पायरीवर बसल्या होत्या. माझीच वाट बघत असाव्यात. मला वाटलं कामाबद्दल बोलतील, माझ्यासाठी शब्द टाक म्हणतील. त्यांनी एवढंच विचारलं, “पोरी, जेवतो का गं तो?” माझ्या तोंडून आपोआप निघालं, “मावशी, मला सांगता येत नाही, नियम आहे.” त्यांनी मान डोलावली. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “बरोबर आहे. तू सही केली आहेस. मी कुठे सही केली होती? म्हणून तर.” आणि पिशवी काखेत मारून उठल्या. ज्या एका बाईला ते कळायचा सगळ्यात जास्त हक्क होता, तिच्यापुढे मी नियम पाळला. तुझ्यापुढे चटईवर बसून तो विसरले होते.

त्या दिवशी घरी न येता मी केंद्रात जाऊन बसले आणि निवेदन लिहायला घेतलं. पहिल्या कागदावर लिहिलं, ‘सरावाच्या वेळी एका परिचित व्यक्तीसमोर माझ्याकडून काही माहिती बोलली गेली.’ वाचून पाहिलं. बोलली गेली म्हणे, जशी काही ती आपली आपण तोंडातून चालत बाहेर गेली. तो फाडला. दुसऱ्यावर लिहिलं, ‘मी सांगितली’, पण कोणाला ते गाळलं. तेही चालेना. परिचित व्यक्ती म्हटलं की त्याची आई पहिल्यांदा मावशींचाच विचार करणार, मी दया येऊन मावशींना पाठीशी घालते आहे असंच तिला वाटणार. मावशींवरचं किटाळ जायचं असेल तर ती गोष्ट त्या घरातून तुमच्या बालवाडीत कोणत्या वाटेने गेली, ते पायरी पायरीने लिहायला हवं होतं. आणि त्या वाटेवर दोनच माणसं होती. तिसरा कागद मी शनिवारी सकाळी पुरा केला.

मॅडमनी तो दोनदा वाचला. ओरडल्या नाहीत. चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, “चला, आधी त्यांच्याकडे जाऊ.” त्याच्या आईने सगळं उभ्यानेच ऐकलं. मला वाटलं होतं ती रडेल, मला बोल लावेल. तिने एकच विचारलं. “त्याची नक्कल करताना तुम्ही दोघी हसलात?” मी हो म्हणाले. सुरुवातीला हसलो होतो, असं म्हणाले. ती आत गेली, मी तिथे ठेवलेली माझी खेळण्यांची पिशवी आणून दाराबाहेर ठेवली आणि म्हणाली, “तुमच्या बहिणीला हे सगळं कळवा. मावशींचं कळवा. मी बोटं मोजली तेही कळवा. माझ्या मुलाचं यापुढचं काहीही कळवू नका.” हीच ती परवानगी. मी तेच करते आहे. मावशींकडे ती जाणार होती, मॅडमसमोर तसं म्हणाली. मावशी परत येतील का, ते मला समजणार नाही, कारण त्या घराशी आता माझा संबंध उरलेला नाही. माझ्या नोकरीचं काय ते केंद्राची समिती ठरवेल. तोपर्यंत मला कोणत्याही मुलाकडे जायचं नाही. आई-बाबांना मी आज जेवायच्या वेळी सांगितलं. बाबांना नीट कळलं नाही. ते म्हणाले, पण तू तर नाव नव्हतं ना घेतलं?

आता, हे पत्र आजच का, ते. निवेदनात मी लिहिलं आहे: माझी सख्खी मोठी बहीण, त्याच बालवाडीत अकरा वर्षं मदतनीस. पुढे तुझं पूर्ण नाव. तू त्याच्या भल्यासाठी बोललीस, आणि तुला गुप्ततेचा नियम मी कधी समजावलाच नव्हता, हेही लिहिलं आहे. खरं आहे म्हणून लिहिलं, तुला वाचवायला नाही. एक प्रत केंद्राने तुमच्या मोठ्या बाईंना पाठवली आहे, ती त्यांना मंगळवारी मिळेल आणि त्या तुला बोलावतील. ‘घरातून कळलं’ असं तू त्यांना सांगितलं होतंस, ते खोटं होतं हे त्यांना त्या कागदावरून कळेल. अकरा वर्षांत तुझ्यावर एक ठपका नाही. हा येईल. कदाचित नोकरीही जाईल. तू त्यांच्यापुढे काही न कळता उभी राहू नयेस, म्हणून बाबांच्या हाती हे पत्र उद्या सोमवारीच पाठवते आहे. निवेदन देण्याआधी मी तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नको म्हणाली नसतीस, हे मला पक्कं माहीत आहे. तू म्हणाली असतीस, वेडी का तू, सगळं माझ्यावर घाल, मीच कुठूनतरी ऐकलं म्हणून सांग, तुझं शिक्षण वाया घालवू नकोस. आणि मी ऐकलं असतं. आजवर दर वेळी ऐकलं आहे. म्हणून शनिवारी साडेअकरा वाजता मी तुला न विचारता तो कागद मॅडमच्या हातात दिला, आणि खाली सही केली.

तुझीच,
बारकी